शिशाच्या सैनिकाला काय दिसते?

हिरवे कापड अंथरलेले एक मोठे टेबल. कापडाखाली जाडजूड पुस्तके सरकवून टेकड्या केल्या आहेत, वाळक्या शेवाळाची झाडे आहेत, पुठ्ठ्याची दोन घरे आहेत. एका टेकडीमागे शिशाच्या वीस सैनिकांची तुकडी उभी आहे. समोरच्या टोकाला घराच्या कोपऱ्याशी एक तोफ. टेबलाच्या दोन बाजूंना दोन प्रौढ गृहस्थ. एक म्हणतो, "तोफ तुझ्या तुकडीवर डागतो." दुसरा म्हणतो, "डागशील कशी? तुझ्या गोलंदाजांना ती दिसतच नाही." मग दोघेही कमरेत वाकतात, गाल टेबलाला टेकवतात, एक डोळा मिटतात आणि त्या बोटभर माणसाला काय दिसत असेल ते पाहू लागतात.

इंग्रजीत ज्याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात, त्या छंदात हा प्रसंग नेहमीचाच. खेळाडू आळीपाळीने आपले सैनिक इंचांत मोजून पुढे सरकवतात, बंदुकीचा पल्ला टेपने मोजतात आणि गोळी लागली की नाही हे फाशांवर सोडतात. बुद्धिबळाच्या पटावर हा वाद होत नाही. हत्तीची नजर सरळ जाते, उंटाची तिरकी जाते. मध्ये प्यादे आले की दोघांचीही नजर तिथे अडते. घरे मोजलेली असल्यामुळे अडते की नाही याबद्दल दुमत होऊ शकत नाही. पटावरची घरे पुसून टाकली आणि तिथे खरोखरची चढउताराची जमीन मांडली, की 'कोणाला कोण दिसते' हा साधा प्रश्न एकदम अवघड होऊन बसतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पाटबंधाऱ्याच्या कामांवर सर्वेक्षक म्हणून माझी बरीच वर्षे गेली. दोन ठिकाणे एकमेकांना दिसतात की नाही हा माझ्या पोटापाण्याचाच प्रश्न होता. बाभळीची एक फांदी मध्ये आली, तर खलाशाला स्टाफ उचलून दहा पावले सरकावे लागे. त्यामुळे या खेळांच्या नियमावल्या वाचायला लागलो तेव्हा बाकीची कलमे सोडून मी दृष्टिरेषेच्या कलमापाशीच थांबलो, आणि पुढे तर हाती लागेल ती जुनी-नवी नियमावली तेवढ्या एका कलमासाठी उघडू लागलो. गोळीबाराचे नियम शस्त्रांबद्दल असतात अशी माझी समजूत होती. वाचत गेलो तसे दिसले की शस्त्रांचा भाग त्यात थोडाच आहे. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा त्यांचा खरा विषय आहे.

*

या खेळांचा उगम बुद्धिबळातूनच झाला. ब्राउनश्वाइगच्या दरबारात शिकवणाऱ्या योहान ख्रिस्तिआन लुडविग हेलविग या गणितज्ञाने १७८० मध्ये एक युद्धखेळ छापला. त्याच्या पटावर ६४ नव्हे तर १,६१७ घरे होती, आणि पाणी, डोंगर, दलदल यांसाठी घरांना वेगवेगळे रंग होते. जमीन आली, पण चौकोनांत कापून आली.

चौकोन गेले ते प्रशियात. ब्रेस्लाउ येथील गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्स या अधिकाऱ्याने १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला एक भले मोठे लाकडी मेज नजर केले. त्याच्या खणांत प्लास्टरचे ठोकळे होते. ते जुळवून नद्या, रस्ते, टेकड्या हव्या तशा मांडता येत. राजवाड्याला शोभेल अशीच ती वस्तू होती, पण रेजिमेंटमध्ये ती कोण वापरणार? वापरता येईल असा खेळ त्याच्या मुलाने केला. हा धाकटा राइसविट्स तोफखान्यातला लेफ्टनंट. त्याची नियमावली १८२४ मध्ये निघाली. मी ती बिल लीसन यांनी १९८३ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. मेज जाऊन त्याच्या जागी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला, सैनिकांच्या जागी धातूचे छोटे ठोकळे आले आणि प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या खऱ्या वेळाचा ठरला.

गोळीबारासाठी त्याने शार्नहोर्स्ट या सेनानीने केलेल्या बंदुका-तोफांच्या चाचण्यांचा आधार घेतला. किती अंतरावर किती गोळ्या लागतात हे कोष्टकांत मांडले आणि नशिबाच्या हिश्शासाठी खास फासे तयार केले. एकास एक, तीनास दोन, दोनास एक अशा बलाबलाप्रमाणे फासा बदलायचा. शक्यतेचे गणित युद्धखेळात इतक्या गंभीरपणे आले ते इथे, आणि इतिहासकार बहुधा याच गोष्टीचे कौतुक करतात. मला मात्र त्याचे दुसरे कलम जास्त महत्त्वाचे वाटते. राइसविट्सने खेळाडूंच्या मध्ये एक पंच बसवला. खेळाडूंनी आपापले हुकूम पंचाला लिहून द्यायचे आणि नकाशावर ठोकळे ठेवायचे ते पंचाने. शत्रूला दिसू शकेल तीच तुकडी नकाशावर येणार. टेकडीमागची तुकडी फक्त पंचाच्या टिपणात राहणार.

हे काम सोपे नव्हते. त्या काळच्या लष्करी नकाशांत चढउतार दाखवत ते छोट्या काळ्या रेघांनी. उतार जितका तीव्र तितक्या रेघा जाड आणि दाट. समोच्च रेषांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला असा नकाशा वाचताना घाम फुटतो. त्यावरून अमक्या गावातून तमका पूल दिसेल की नाही हे मिनिटभरात सांगायचे, म्हणजे पंचाला जमीन वाचता आलीच पाहिजे. जनरल स्टाफचे प्रमुख जनरल म्युफलिंग हा खेळ पाहायला बसले तेव्हा ते फारसे उत्सुक नव्हते. उठले ते हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असे म्हणतच, आणि त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. धाकट्या राइसविट्सला मात्र हे यश मानवले नाही. १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

पन्नास वर्षांत कोष्टकांचा लोकांना कंटाळा आला. १८७६ मध्ये युलिउस फॉन फेर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन जनरलने मांडले, की फासे आणि तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. 'मोकळा' खेळ असे त्याला नाव पडले. पंच म्हणेल, 'तुझ्या घोडेस्वारांना धूळ दिसते, सैन्य दिसत नाही', आणि ते मान्य करायचे. यात वेळ वाचतो हे खरे. पण मान्य का करायचे? कारण पंच हुद्द्याने वरचा होता. लष्करात हे चालते.

*

दिवाणखान्यात ते चालत नाही. तिथे पंचाला मान नसतो आणि बहुधा पंचच नसतो. म्हणून घरगुती युद्धखेळांनी सुरुवातीला अगदी सरळ मार्ग धरला. गोळी लागते का हे पाहायचे असेल, तर खरोखरच गोळी मारा.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावी राहत होता. तिथे माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून तो आपल्या सावत्र मुलाबरोबर, लॉइड ऑस्बोर्नबरोबर, शिशाच्या सैनिकांची युद्धे खेळे. १८९८ मध्ये फ्रेड टी. जेन याने आरमारी युद्धखेळ काढला. जगभरच्या युद्धनौकांची त्याची वार्षिक सूची आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या खेळातली युक्ती मला फार आवडते. प्रत्येक जहाजाचे चित्र चौकोनांत विभागलेले असे आणि खेळाडूच्या हातात एक छोटी फळी, तिला एक टाचणी. फळी चित्रावर मारायची. भोक पडेल तिथे गोळा लागला. पण टाचणी फळीच्या मधोमध नसे, थोडी बाजूला असे. कितीही नेम धरला तरी गोळा किंचित चुकणारच. फासे नाहीत, तरी नशीब आहे, आणि तेही हाताच्या कसबात मिसळलेले.

मग १९१३ मध्ये एच. जी. वेल्सचे 'लिटल वॉर्स' आले. हा खेळ बारापासून दीडशे वर्षे वयापर्यंतच्या मुलांसाठी आहे असे त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकले होते, आणि खेळांची आणि पुस्तकांची आवड असणाऱ्या हुशार मुलींनाही त्यात कृपापूर्वक घेतले होते. त्या काळच्या विनोदाला आज हसू येत नाही. पुस्तक मात्र आजही झकास आहे. सगळी कल्पना उभी आहे ती ब्रिटन्स कंपनीच्या स्प्रिंगच्या तोफेवर. ती इंचभर लांबीचा लाकडी गोळा फेकते, आणि नऊ यार्डांवरच्या सैनिकाला दहातून नऊ वेळा पाडते अशी वेल्सची ग्वाही आहे. जेवणानंतर एका मित्राने सहज शिशाच्या सैनिकावर ही तोफ डागली, तिथून खेळ सुरू झाला असे तो सांगतो. मित्राची नुसती आद्याक्षरे दिली आहेत. तो म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम.

वेल्सच्या नियमांत दृष्टिरेषेचे कलमच नाही, आणि त्याची गरजही नाही. घरामागच्या सैनिकाला लाकडी गोळा लागू शकत नाही, मग वाद कसला? पायदळाने एका डावात एक फूट जायचे, घोडदळाने दोन. तोफेला चार गोळे, आणि तोफेपाशी निदान चार माणसे हवीत. बंदुकांचा मारा तर त्याने काढूनच टाकला. खेळाडू पोटावर पडून तोफेमागे डोळा लावतो, तेव्हा त्याला जे दिसते तेच तोफेला दिसते. माणसाची नजर आणि बाहुल्याची नजर एक झाली असा हा जवळजवळ एकमेव खेळ. आणखी एक छोटी गोष्ट त्याने सुचवली होती. सुरुवातीला दोन्ही सैन्ये मांडताना मध्ये पडदा टांगायचा, म्हणजे कोण कुठे आहे हे एकमेकांना कळत नाही. पडदा दूर झाला की मात्र सगळे उघड. या पडद्याकडे मी पुन्हा येणार आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९३० च्या दशकात लेखक फ्लेचर प्रॅट यानेही डोळ्यावरच भर दिला. त्याच्या आरमारी खेळात जमिनीवर छोटी लाकडी जहाजे मांडत. टेप लावायला बंदी. शत्रूचे जहाज किती इंचांवर आहे याचा नजरेने अंदाज करायचा, दिशा आणि आकडा सांगायचा, मग पंच मोजून बघणार आणि गोळा जिथे पडला तिथे खूण ठेवणार. पुढच्या डावात त्या खुणेवरून अंदाज सुधारायचा. खऱ्या तोफखान्याचे अधिकारी नेमके हेच करतात.

*

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद इंग्लंड-अमेरिकेत पसरला, आणि पसरला तो फाशांच्या जोरावर. लाकडी गोळ्यांनी रंगवलेल्या सैनिकांचे रंग उडतात. चार-चार तास खपून रंगवलेल्या पलटणीवर कोण गोळे मारू देईल? १९६२ मध्ये आलेल्या डॉन फेदरस्टोनच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकाने या पिढीला घडवले. फेदरस्टोन धंद्याने फिजिओथेरपिस्ट, साउथॅम्प्टनच्या फुटबॉल संघाकडे होता. तो आणि त्याचे दोस्त गोळीबार फाशांवर घेत. इतक्या सैनिकांमागे एक फासा, लागलेल्यांपैकी काहींना पुन्हा फासा टाकून वाचण्याची संधी. आडोशाला असलेल्यांना ही संधी जास्त.

आडोशाची ही सवलत वाटते तितकी साधी नाही. वेल्सच्या जमिनीवर सैनिक भिंतीआड आहे किंवा नाही, एवढेच होते. फासे आल्यावर 'अर्धवट आड' नावाची एक नवी अवस्था जन्माला आली, आणि भांडणे जवळजवळ सगळी तिथलीच. पाव आड? अर्धा आड? झाडीतून दिसतो, पण किती?

यावर काहींनी मोठ्या कल्पक युक्त्या काढल्या. लायनेल टार नावाचा एक इंग्रज खेळाडू टेबलावरच्या सेनापतीच्या उंचीवरून काय दिसते हे पाहण्यासाठी चक्क पेरिस्कोप वापरी. कंबर न वाकवता गाल टेबलाला टेकवण्याची ही सोय. चार्ल्स ग्रँट याने १९७१ च्या आपल्या पुस्तकात अठराव्या शतकातल्या तोफेच्या गोळ्यासाठी एक काठी वापरली. तिच्यावर गोळा पहिल्यांदा कुठे आदळेल, कुठवर उडेल, पुन्हा कुठे आदळेल हे रंगवलेले. काठी तोफेच्या तोंडापासून लक्ष्याच्या दिशेने ठेवायची आणि टप्प्याखाली सापडलेली माणसे उचलायची. छर्र्यांच्या माऱ्यासाठी शंकूच्या आकाराचा साचा. यात दिसणे आणि लागणे या गोष्टी वेगळ्या झाल्या. गोळा नजरेच्या पलीकडे उसळून जातो, ज्यांना कोणी नेम धरून पाहिलेही नव्हते अशांना लोळवतो.

हे सगळे मित्रांमध्ये चालले. एखादी भिंत संशयास्पद असली तर 'बरं, तुझंच खरं' म्हणायला जागा होती. स्पर्धा सुरू झाल्या आणि ती जागा गेली. फिल बार्करच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपच्या नियमावल्या १९६९ पासून आल्या. त्यांची भाषा वकिलाच्या दस्तऐवजासारखी आहे म्हणून लोक हसले, पण परक्या माणसाशी खेळायचे तर दस्तऐवजच लागतो. आपल्याकडे भावाभावांत बांधावरून तोंडी समझोता चालतो. जमीन तिसऱ्याला विकली की मोजणी मागवावी लागते. तसेच हे.

वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या आवृत्त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या की हा प्रवास उघडा दिसतो. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेला, दूरच्या भविष्यातल्या युद्धाचा हा खेळ आज जगभर खेळला जातो. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत जंगले, अवशेष आणि सैनिक यांना उंचीचे तीन वर्ग दिले होते. वर्ग ठरला की दिसणे-न-दिसणे ठरले, वाकायची गरज नाही. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने ते बाजूला सारून 'खरी दृष्टिरेषा' आणली. बाहुल्याच्या डोळ्यामागे डोळा न्या आणि बघा. ऐकायला किती प्रामाणिक! परिणाम मात्र मजेशीर झाला. शिल्पकाराने गुडघ्यावर बसवलेला नेमबाज भिंतीमागून काहीच पाहू शकेना, आणि हात उंचावून ओरडणारा शूर सेनानी सगळ्यांना दिसू लागला. काही चतुर लोक आपले सैनिक मुद्दाम ओणवे चिकटवू लागले. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत शत्रूचा कोणताही भाग दिसला तरी पुरे असे झाले, तेव्हा रणगाड्याच्या एरियलचे टोक भिंतीवर आले म्हणून रणगाडा उडू लागला. २०२० मध्ये पुन्हा ठरावाकडे वळले: विशिष्ट प्रकारचा, निदान पाच इंच उंच अवशेष मध्ये असेल तर त्यातून दिसत नाही, मग खिडक्या कितीही मोठ्या असोत.

ठराव, डोळा, ठराव. पंधरा-सोळा वर्षांत लंबक दोनदा हलला. खेळाडू यात वास्तवतेचा मुद्दा काढतात आणि 'खरी' हा शब्द वापरतात. सर्वेक्षकाला इथे थोडे बोलावेसे वाटते.

आम्ही नदीचा लांबछेद काढतो तेव्हा आडवे प्रमाण एक असते आणि उभे प्रमाण दुसरे. दहा किलोमीटर लांबी आणि बारा मीटर उतार एकाच प्रमाणात काढला, तर कागदावर सपाट रेघच दिसेल. म्हणून उंची फुगवायची. पण अशा छेदावर पट्टी ठेवून उताराचा कोन कधी मोजायचा नसतो, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. आता टेबलाकडे बघा. सुमारे २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे ढोबळमानाने १:६० चे प्रमाण. त्या प्रमाणात २४ इंचांचा पल्ला होतो १२० फूट, म्हणजे जेमतेम ३७ मीटर. ३०० मीटर मारणारी साधी रायफल घेतली तर टेबलावर तिचा पल्ला पाच मीटर हवा. टेबल असते सहा फूट बाय चार फूट. म्हणजे सैनिक, भिंती, झाडे एका प्रमाणात आणि त्यांच्यामधली जमीन निराळ्याच, कितीतरी आक्रसलेल्या प्रमाणात. ऐतिहासिक लढायांत तर टेबलावरचे एक घर म्हणजे अख्खे गाव आणि वीस सैनिक म्हणजे पलटण. अशा फुगवलेल्या छेदावर डोळा लावून जी रेषा मिळते तिला 'खरी' म्हणणे मला जमत नाही.

दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला आठवा. दरवाजापेक्षा मावळा मोठा, बुरुजापेक्षा वाघ मोठा, आणि शिवाजी महाराज सगळ्यांहून मोठे. कोणाला त्यात खोटे वाटत नाही, कारण तिथे कोणी मोजत नाही. मोजायला बसलो की ती जमीन तुटते. दोन प्रमाणांच्या जगात सरळ रेषाही ठरवावीच लागते. म्हणून २००४ चा वर्ग आणि २०२० चा ठराव हे मला जास्त प्रामाणिक वाटतात. ते आपण ठराव आहोत हे लपवत नाहीत. अलीकडच्या काही खेळांनी तर बाहुल्याला बाजूलाच ठेवले आहे. वॉरमशीनमध्ये २०१० पासून तळचकतीच्या आकारावरून ठरलेल्या उंचीचा एक अदृश्य दंडगोल डबा म्हणजे सैनिक. कॉर्वुस बेल्ली या स्पॅनिश कंपनीच्या इन्फिनिटी खेळातही तसाच ठरावीक आकार मानतात. मूर्तीने हात वर केला की खाली, याला काही महत्त्व उरत नाही. खूप खपून घडवलेल्या मूर्तीचा हा थोडा अपमान आहे, पण न्याय आहे.

*

इथपर्यंतची सगळी भांडणे शिशाच्या सैनिकाच्या डोळ्याविषयी आहेत. टेबलाशी उभ्या माणसाच्या डोळ्यांचे काय? त्याला छतावरून सगळे दिसते. टेकडीमागची तुकडी त्याच्या तोफेला दिसत नसेल, त्याला स्वतःला दिसतेच, आणि तो आपले घोडदळ मुकाट्याने त्या बाजूला वळवतो. नियमाने गोळी अडवली. ज्ञान अडवले नाही.

खऱ्या सेनापतीचे दुखणे नेमके हे ज्ञानाचे. आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला, म्हातारपणी म्हणाला होता की माहीत असलेल्यावरून माहीत नसलेले ओळखणे हाच युद्धाचा सगळा उद्योग, आणि त्याला त्याने टेकडीपलीकडे काय असेल त्याचा अंदाज करणे असे नाव दिले होते. तो धडा त्याने गिरवला तो आपल्याच मुलखात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा कैलना नदीपलीकडे होत्या आणि जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दुर्बिणीतून दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतकी जवळ गावे वसली आहेत त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असे त्याने ताडले आणि फौज तिकडे नेली. उतार निघाला. या लढाईचा टेबलावर खेळ मांडला तर तो उतार निळ्या कापडावर पहिल्या मिनिटापासून दोन्ही खेळाडूंना दिसतो. लढाईचा प्राणच निघून जातो.

वेल्सच्या पडद्याची इथे आठवण होते. तो पडदा खेळ सुरू होताना दूर होत असे. तो शेवटपर्यंत न काढण्याचे काम एकदा झाले, आणि त्याच्या पाठीमागे खरी माणसे बुडत होती.

१९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये ब्रिटिश आरमाराने एक छोटे पथक उभे केले. प्रमुख गिल्बर्ट रॉबर्ट्स. क्षयामुळे त्याला आरमारातून निवृत्त केले होते. हाताखाली बहुतेक आरमाराच्या महिला दलातल्या तरुणी. अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांचे तांडे बुडवत होत्या आणि त्यांना थोपवायचे कसे हे कोणाला समजत नव्हते. रॉबर्ट्सने मोठ्या खोलीच्या लिनोलियमच्या जमिनीवर समुद्र मांडला. छोटी लाकडी जहाजे, खडूने काढलेले मार्ग. भोवती कापडाचे पडदे, त्यांना फटी. संरक्षक जहाजांचे कप्तान पडद्याबाहेर बसत आणि फटीतून पाहत. खऱ्या रात्री पुलावरून त्यांना जेवढे दिसले असते, तेवढेच फटीतून दिसे. जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने काढत. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने. फटीच्या अंतरावरून हिरवा खडू दिसत नसे.

शोध लागला तो पल्ल्याच्या हिशेबातून. तेव्हाची समजूत अशी, की पाणबुडी तांड्याच्या बाहेरून टॉर्पेडो मारते. म्हणून जहाज बुडाले की संरक्षक नौका बाहेरच्या दिशेने धावत. पण बुडणारी जहाजे तांड्याच्या आतल्या रांगांमधलीही होती. रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकारी मुली जमिनीवर मोजत बसल्या. बाहेरून मारले तर टॉर्पेडो तिथवर पोचणे कठीण. मग मारणारा कुठे असेल? तांड्याच्या आत! पाणबुडी रात्री पाण्यावर राहून मागच्या बाजूने रांगांमध्ये शिरत होती, मारून खोल जात होती, आणि तांडा डोक्यावरून पुढे निघून जाऊ देत होती. संरक्षक नौका जिथे शोधत होत्या तिथे कोणी नव्हतेच. उपाय म्हणून त्यांनी नवी चाल आखली: बाहेर धावू नका, वळून तांड्याच्या मागचा भाग विंचरा. त्या मुलींपैकी जीन लेडलॉ हिने तिला 'रास्पबेरी' नाव ठेवले. इंग्रजीत तोंडाने फुर्र आवाज काढून वाकुल्या दाखवण्याला रास्पबेरी म्हणतात. या वाकुल्या हिटलरला होत्या.

नोव्हेंबर १९४२ मध्ये या विभागाची सूत्रे हाती घेणारे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडीवाले. ते इथे येऊन पाणबुडीच्या बाजूने खेळले. पाच वेळा खेळले आणि पाचही वेळा बुडाले. दुसऱ्या बाजूने संरक्षक नौका चालवत होती जॅनेट ओकेल ही त्याच दलातली तरुणी. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी या जमिनीवर शिकून समुद्रावर गेले.

फासे या खोलीत फार महत्त्वाचे नव्हते. शार्नहोर्स्टच्या चाचण्यांपासून पाच इंचांच्या अवशेषापर्यंत जे प्रश्न नियमावल्यांनी पानेच्या पाने चघळले, ते इथे एका कापडाच्या फटीने आणि हिरव्या खडूने बाजूला केले. इथे बांधली होती ती माणसाची नजर, बाहुल्याची नव्हे. राइसविट्सच्या पंचाने लेखणीने जे केले तेच.

छंदाच्या टेबलावर ही गोष्ट अलीकडे परतू लागली आहे, पंच मिळत नसल्यामुळे कागदी रूपात. टूफॅटलार्डीज या इंग्रज मंडळींच्या दुसऱ्या महायुद्धाच्या खेळात तुकडी सुरुवातीला सैनिकांच्या रूपात येतच नाही. टेबलावर येतात अंडाकृती कोरी पत्ती. काहींखाली तुकडी आहे, काहींखाली काहीच नाही, आणि कोणत्याखाली काय आहे हे फक्त मालकाला माहीत. शत्रूचे पत्ते ओळखण्यासाठी आपल्या माणसांची कृती खर्च करायची, फासा टाकायचा, आणि अंतर, झाडी, आडोसा यांच्या हिशेबाने ओळख पटली तर पत्ता उचलून खरे सैनिक मांडायचे. नाही पटली तर पत्ता शेतातून पुढे सरकत राहतो.

मग मघाचे ते दोन गृहस्थ पुन्हा वाकत नाहीत. एक जण पत्त्याकडे बघत उभा राहतो. त्यावर गोळीबार करावा, तर आपली जागा उघड होते. थांबावे, तर कदाचित त्याखाली रणगाडे असतील. बराच वेळ तो टेप हातात धरून तसाच उभा असतो आणि समोरचा माणूस, चेहऱ्यावर काही न दाखवता, चहाचा कप उचलतो.